दोन कूपे आणि हनीफभाईंची पाठ

मी आयुष्यभर काय काम केलं, हे आमच्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीत कुणालाच नीट सांगता येत नाही, आणि त्यात माझी बायकोही आली. ‘गाड्या चालवायचो’ म्हटलं की समोरचा विचारतो, कुठल्या साहेबांच्या? ‘नव्या गाड्यांची चाचणी घ्यायचो’ म्हटलं की त्याचे डोळे चमकतात आणि तो थेट मुद्द्यावर येतो. मग काका, सांगा ना, कुठली घेऊ? किती देते? मी शेवटची वर्षं ज्या गाड्यांवर घालवली त्या किती देतात असं विचारायची सोयच नव्हती. किती पितात, एवढंच विचारता आलं असतं.

चाकणच्या पुढे माळावर आमच्या कंपनीचा स्वतःचा चाचणीचा रस्ता आहे. बाहेरून नुसती उंच भिंत दिसते आणि शेजारच्या शेतातल्या लोकांना वाटतं, आत गोदाम असेल. आत लांबच लांब सरळ पट्टा आहे आणि दोन्ही टोकांना वळायला वाटोळी जागा. त्या पट्ट्यावर मी आणि हनीफ तांबोळी गाड्या पळवायचो. उभी गाडी शंभराच्या वेगाला किती लवकर पोचते, हे मोजणं आमचं मुख्य काम. ऐकायला पोरखेळ वाटतो. पाय दाबायचा आणि घड्याळ बघायचं, त्यात काय मोठं?

खरी मेहनत पाय दाबण्यात नसतेच. गाडीशिवाय दुसरं काहीही मोजलं जाऊ नये, यासाठी सगळी धडपड असते. माळावर दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो. तो पाठीशी असला तर खटारासुद्धा शर्यत जिंकेल, म्हणून प्रत्येक धाव जाताना आणि येताना अशी दोनदा घ्यायची आणि सरासरी काढायची. टायर सारखे तापलेले हवेत, टाकीत इंधन सारखं हवं. दोन गाड्यांची तुलना असेल तर चालवणारे दोघे मध्येच गाड्यांची अदलाबदल करतात, म्हणजे कुणाचा पाय जास्त चलाख आहे याचा फायदा एकाच गाडीला मिळत नाही. आणि दोघांचं वजनही सारखं हवं.

आता माणसांचं वजन सारखं कसं करणार? त्यासाठी आमच्याकडे वाळू होती. रोज सकाळी हेल्मेट आणि बूट घालून आम्ही दोघं काट्यावर उभे राहायचो. जो हलका भरेल त्याच्या शेजारच्या सीटवर तेवढ्या वाळूच्या पिशव्या ठेवून पट्ट्यांनी आवळायच्या. जाडसर कापडाच्या, लहान लहान पिशव्या असायच्या त्या. आणखी एक रिवाज होता, तो कुठल्या नियमात नाही, पण सगळे पाळायचे. ज्याची वाळू त्यानेच उचलायची. दुसऱ्याच्या पिशव्यांना हात लावायचा नाही.

हनीफभाई खुद्द चाकणचे. वडिलांचं हायवेला ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं, तिथेच ते गाडी शिकले. अंगाने काडी, बोलणं मोजकं, पाय मात्र इतका हलका की क्लच सोडताना गाडीला कळायचंसुद्धा नाही. मी सांगवीचा, डिप्लोमा करून कंपनीत लागलेला, तोंडाने भरपूर आणि अंगानेही. त्यामुळे वाळू कायम त्यांच्या नशिबी. मी काट्यावरून उतरलो की ते निमूटपणे पिशव्या उचलायला जायचे आणि मी मागून म्हणायचो, ‘हनीफभाई, आज बायकोने पुरणपोळ्या केल्या होत्या, एक पिशवी जास्त घ्या.’ ते म्हणायचे, ‘तुमी जेवा मोहनराव, वझं आमी व्हातो.’ हा संवाद इतकी वर्षं चालला की दोघांनाही त्याचं हसू येईनासं झालं होतं, तरी तो झाल्याशिवाय दिवस सुरू व्हायचा नाही.

वाळूने आम्हाला फजीतही केलं आहे. एका पावसाळ्यात एक गाडी एकाएकी मंद झाली. इंजिनवाल्यांनी इंजिन उतरवलं, गिअरवाल्यांनी गिअरबॉक्स उघडला, एकमेकांवर ढकलाढकली झाली. शेवटी हनीफभाईंनी एक पिशवी माझ्या हातात दिली. शेडचं छप्पर गळत होतं आणि पिशव्या पाणी पिऊन फुगल्या होत्या. एका पिशवीच्या शिवणीतून तर हरभऱ्याचा कोंब बाहेर आला होता. कुणाच्या तरी डब्यातला दाणा वाळूत पडला असणार. इंजिन परत बसवताना इंजिनवाले आमच्याकडे ज्या नजरेने बघत होते ती मी विसरलेलो नाही.

दुसरा प्रसंग एका बिल्डरचा. आमच्या गाडीत जाहिरातीइतकी पळण्याची ताकद नाही, अशी त्याची तक्रार होती. साहेबांनी आम्हा दोघांना त्याच्या बंगल्यावर पाठवलं. गाडी खरंच जड चालत होती. हनीफभाईंनी डिकी उघडली तर आत लोखंडी डंबेल्सचा अख्खा संच. वजन उतरवायचं म्हणून त्याने तो विकत घेतला होता आणि जिना चढवायचा कंटाळा म्हणून तिथेच ठेवला होता. आम्ही डंबेल्स उतरवले, चहा घेतला आणि परत आलो. त्याने पुढे व्यायाम केला की नाही कोण जाणे, गाडीची तक्रार मात्र पुन्हा आली नाही.

असे किस्से मी कितीही सांगेन. पण हे लिहायला बसलो ते दोन कूपेंच्या गोष्टीसाठी.

कूपे म्हणजे दोन दारांची, मागे छप्पर उतरत गेलेली, बुटकी, धावण्यासाठीच जन्मलेली गाडी. मागच्या सीटवर फार तर लॅपटॉपची बॅग बसते. आपल्याकडे अशी गाडी कोण घेणार, या प्रश्नावर आमच्या कंपनीत बऱ्याच बैठका झाल्या आणि शेवटी एक बनवायचीच असं ठरलं. ती बनवणाऱ्या गटाची प्रमुख होती श्रुती, ताथवड्याच्या कॉलेजातून शिकलेली, माझ्या मुलीच्या वयाची. तुलनेसाठी कंपनीने परदेशी बनावटीची एक लाल कूपे विकत आणली. आमची कूपे अजून जगाला दाखवायची नव्हती, म्हणून तिच्या अंगावर काळ्यापांढऱ्या वेड्यावाकड्या नक्षीचा कागद चिकटवलेला. दोन्ही गाड्यांना हाताने गिअर टाकायचे. एकीशेजारी एक उभ्या केल्या की लाल गाडी लग्नाला निघाल्यासारखी दिसायची आणि आमची अंगाला हळद लावून बसल्यासारखी.

काम सरळ होतं. सरळ रेषेत, उभ्या जागेवरून, कुठली गाडी किती लवकर वेग घेते ते सांगायचं. ऊन, थंडी, भरलेली टाकी, रिकामी टाकी, सगळ्या परिस्थितीत. काही महिन्यांचा कार्यक्रम होता, आणि शेवटी संचालक मंडळींसमोर दोन्ही गाड्या शेजारी शेजारी पळवायच्या. त्या दिवसानंतर थोड्याच अवधीत मी निवृत्त होणार होतो. शेवटची धाव, सगळी कंपनी बघते आहे, मी आमच्या गाडीत आणि हनीफभाई लाल गाडीत. हे चित्र मी मनात इतक्यांदा रंगवलं होतं की सुनंदा, माझी बायको, म्हणायची, लग्नाच्या वेळी तरी एवढे उतावीळ होतात का?

अशा तुलनेचा एक कडक नियम असतो. सुरुवातीला जी जोडी लागली तीच शेवटपर्यंत हवी. मध्येच एक जण गळाला तर आधीचे सगळे आकडे बाद, नवी जोडी लावायची आणि पहिल्यापासून सुरू करायचं. आणि नवी जोडी लावण्याआधी जुन्या दोघांचीही पूर्ण वैद्यकीय तपासणी करायची. एकाने काही लपवलं असेल तर दुसऱ्याला ते माहीत असतंच, असा हा नियम करणाऱ्याचा अनुभव असावा.

कंपनीच्या वार्षिक तपासणीत त्या वर्षी माझी साखर काठावर निघाली होती. डॉक्टर म्हणाले, गोड कमी करा, चाला. मी चालायला लागलो. सोसायटीच्या बागेला फेऱ्या मारायचो, चहा बिनसाखरेचा सुरू केला, आणि चमत्कार व्हावा तसं माझं वजन उतरायला लागलं. पट्टा आतल्या भोकावर आला. शेजारचे म्हणायचे, काका, काय करता आम्हालाही सांगा. मीही उदारपणे सल्ले वाटत होतो. सुनंदाने माझ्या जुन्या पँटी टेलरकडे दिल्या.

इकडे ट्रॅकवर हनीफभाईंची वाळू कमी होत चालली. आधी एखादी पिशवी, मग दोन, मग आणखी. एक दिवस आम्ही काट्यावर चढलो आणि दोघांचं वजन सारखं भरलं. वाळूची गरजच नाही. असं कधीच झालं नव्हतं. श्रुतीच्या गटाने टाळ्या वाजवल्या, कुणीतरी गेटबाहेरून वडापाव आणले, मी दोन खाल्ले, आज सूट म्हणून. काट्यासमोर आम्हा दोघांचा फोटो निघाला. त्या फोटोत मी पोट आत घेऊन हसतो आहे आणि हनीफभाई माझ्याकडे बघत आहेत. त्यांच्या हातातला वडापाव तसाच आहे. तेव्हा मला वाटलं, त्यांना तिखट सोसत नसेल.

त्यानंतर वाळू माझ्या बाजूला आली. आयुष्यात पहिल्यांदा मी पिशव्या उचलायला वाकलो, तर हनीफभाई आधीच दोन पिशव्या घेऊन माझ्या गाडीशी उभे. मी म्हटलं, रिवाज आहे, माझी वाळू मी उचलणार. त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या, पण गेले नाहीत. मी पट्टे आवळेपर्यंत तिथेच उभे राहिले. मग हळूच म्हणाले, एकदा दाखवून या ना कुणाला तरी, चालण्याने माणूस इतकं उतरत न्हाई.

मी हसण्यावारी नेलं. दोन-तीन दिवसांनी त्यांनी पुन्हा विषय काढला, मी दिवसभर पाणी पितो आणि दर दोन धावांनंतर शेडमागे जातो याबद्दल. मला राग आला. उन्हाळा होता, पाणी कोण पीत नव्हतं? मी जरा मोठ्यानेच म्हणालो, ‘इतकी वर्षं तुम्ही बारीक, मी जाड. आता उलटं झालं तर तुम्हाला बघवत नाही का?’

हे बोलायला नको होतं. मागे श्रुती उभी होती, तिने मान खाली घातली. हनीफभाईंनी हेल्मेट घातलं आणि लाल गाडीत जाऊन बसले.

खरं सांगायचं तर आतून मलाही कळत होतं की काहीतरी बिनसलं आहे. रात्री पायांत गोळे यायचे. दूरच्या पाट्या पुसट दिसायच्या, मी चष्म्याला दोष द्यायचो. पण डॉक्टरकडे गेलो आणि त्याने गाडी चालवू नका म्हटलं तर? वेगाच्या गाड्या चालवणाऱ्यांची कंपनीत वेगळी यादी असते. त्या यादीतून नाव गेलं की परत येत नाही, निदान माझ्या वयात तरी. निवृत्तीनंतर काय दाखवायचं ते दाखवू, असं मी स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

संचालकांचा दिवस जवळ आला तसा सराव वाढला. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी सोडायच्या, शंभर गाठायचे, आणखी पुढे जायचं आणि पट्टा संपायच्या आत, पिवळ्या खांबांपाशी ब्रेक लावायचा. अशाच एका सरावात मी आमच्या कूपेत होतो. गाडी त्या दिवशी अशी काही सुटली होती की श्रुतीला केव्हा एकदा सांगतो असं मला झालं. लाल गाडी डाव्या खांद्याशी होती, मागे पडत होती. आणि मला खांब दिसेनात. म्हणजे पिवळं काहीतरी दिसत होतं, पण ते जवळ आहे की लांब हेच समजेना. ब्रेक लावला तेव्हा उशीर झाला होता. गाडी पट्टा सोडून गवतात शिरली, गिरकी घेतली आणि उलट्या तोंडाने उभी राहिली.

गाडीला काही झालं नाही, मलाही नाही. धावत आलेल्या लोकांना मी सांगितलं, ब्रेक तापले असतील, पेडल खोल गेलं. त्यांनी मान डोलावली. नव्या गाडीत असं होऊ शकतं. हनीफभाई लाल गाडीतून उतरून चालत आले. त्यांनी ना गाडी बघितली, ना ब्रेक. माझा हात धरून मला बाहेर काढलं. माझा हात गार पडला होता आणि त्यांनी तो बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जमले असताना, वजनाला उभं राहण्याआधीच हनीफभाई साहेबांना म्हणाले की पाठीत उसण भरली आहे, बसवत नाही, आता गाडी चालवणं जमणार नाही.

जोडी मोडली होती. म्हणजे सगळे महिने पाण्यात, संचालकांचा दिवस पुढे गेला, आणि तोपर्यंत मी निवृत्त झालेलो असणार. श्रुतीचा चेहरा पडला. साहेबांनी दोन दिवस विश्रांती घेऊन बघा असं सुचवलं. हनीफभाई म्हणाले, न्हाई साहेब, ही आता उतरायची न्हाई. एक हात कमरेवर ठेवून ते तिरके उभे होते. मी त्यांच्या जवळ गेलो आणि दात आवळून म्हणालो, ‘थोडे दिवस कळ काढता आली नाही?’ त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तेवढंच म्हणाले, ‘माफ करा मोहनराव, न्हाई काढता आली.’

नियमाप्रमाणे दोघांनाही तपासणीला पाठवलं. त्याच दुपारी कंपनीच्या डॉक्टरांनी मला घरी जाऊ दिलं नाही, सरळ रुग्णालयात दाखल केलं. साखर इतकी चढली होती की आणखी थोड्या दिवसांत मी गाडीत किंवा घरात, कुठेही बेशुद्ध पडलो असतो, असं तिथले डॉक्टर सुनंदाला म्हणाले. काठावरची साखर काठ सोडून केव्हाच वाहून गेली होती. शरीर स्वतःलाच खात होतं आणि मी लोकांना बागेतल्या फेऱ्यांचं महत्त्व सांगत होतो. इन्सुलिन सुरू झालं. वेगाच्या यादीतून माझं नाव गेलं. शेवटचे महिने मी टेबलावर बसून काढले.

हनीफभाई रुग्णालयात दोनदा आले. मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलं. सुनंदा त्यांच्याशी बोलत बसायची. माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती, यांनी माझी शेवटची धाव घालवली. दैवाने तपासणी झाली, जीव वाचला हे मला मान्य होतं. पण ते दैवाचं देणं, त्यात हनीफभाईंच्या उसणीचा काय मोठेपणा, असा माझा हिशोब होता.

पुढे नवी जोडी लागली, तरुण मुलं होती. पहिल्यापासून सगळं मोजलं गेलं. निकाल कळवायला श्रुती घरी आली होती. लाल कूपे जिंकली, केसाच्या अंतराने. सुरुवातीला आमची गाडी पुढे असायची, पण तिसऱ्या गिअरला लाल तिला गाठायची. मी विचारलं, वाईट वाटलं का? ती म्हणाली, ‘वाटलं. पण काका, दोन्ही गाड्यांना सारखाच न्याय मिळाला. आता तिसऱ्या गिअरवर काम करायचंय.’ मला तिचा अभिमान वाटला. जाता जाता ती सहज बोलून गेली की हनीफकाकांना पाठीमुळे यादीतून कायमचं काढलं आहे, ते आता ट्रॅकवर दिवसभर उपकरणं सांभाळतात. त्यांना निवृत्तीला अजून अवकाश होता.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. राग बराच ओसरला होता आणि आता स्वतःचीच लाज वाटत होती. हनीफभाईंसारख्या माणसाला वेगाची गाडी न देता उपकरणं सांभाळायला लावणं म्हणजे काय, हे माझ्याइतकं कुणाला कळणार होतं? निदान भेटून यावं, पाठ कशी आहे विचारावं, असं ठरवून रविवारी मी चाकणला गेलो.

त्यांचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. धाकट्या भावाचा कांद्याचा व्यापार, त्यामुळे गल्लीत कायम कांद्याच्या पाकळ्या उडत असतात. मी कोपऱ्यावर रिक्षातून उतरलो. घरापुढे टेम्पो लागला होता आणि एक माणूस टेम्पोला पाठ लावून उभा होता. वरच्याने कांद्याचं भरलेलं पोतं त्याच्या पाठीवर ठेवलं. त्याने ते एका झटक्यात सावरलं, दहा-बारा पावलं चालत जाऊन ओट्यावर टाकलं आणि पुढच्या पोत्यासाठी परत आला. दुसरं पोतं पाठीवर घेऊन तो वळला तेव्हा आम्ही समोरासमोर आलो.

हनीफभाईंना पोतं टाकताही येईना आणि लपवताही येईना. ते तसेच वाकलेले उभे राहिले. दारात त्यांच्या घरच्या, जैतूनभाभी उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघून विचारलं, यांची पाठ? भाभींना काहीच ठाऊक नसावं, कारण त्या निर्मळपणे म्हणाल्या, पाठीला काय झालंय? लग्न झाल्यापासून एकदा तरी दुखली म्हणाल तर शपथ.

हनीफभाईंनी चालत जाऊन पोतं ओट्यावर ठेवलं, शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी म्हणालो, साहेबांना सांगायचं होतं ना, हा माणूस आजारी आहे म्हणून. ते म्हणाले, मग चौकशी लागली असती, आजार लपवून गाडी चालवली म्हणून तुमच्या नावावर डाग आला असता, निवृत्तीच्या तोंडावर. जोडी मोडली की नियमाने दोघांची तपासणी होते, त्यात आजार आपोआप निघाला तर कुणी काही विचारत नाही. मी म्हणालो, मग मला सांगायचं होतं. म्हणायला गेलो आणि माझं मलाच आठवलं, त्यांनी सांगितलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं.

‘तुमची गाडी गवतात फिरली, तवा मी बाजूच्या गाडीत व्हतो,’ हनीफभाई म्हणाले. ‘रातभर इचार केला. सकाळी परत तुमच्या गाडीत वाळू जाणार. तुमी जेवढं उतरणार तेवढी वाळू आमी घालणार, अन् काटा म्हणणार, समदं बराबर हाय. मला न्हाई बघवलं मोहनराव.’

मी विचारलं, ‘आणि तुमचं नाव गेलं यादीतून, ते?’

‘गाड्या लई चालवल्या,’ ते म्हणाले. ‘तुमी एकच हाय.’

गल्लीत उभ्या उभ्या मला रडू आलं. टेम्पोवरचा माणूस दुसरीकडे बघायला लागला. भाभी आत गेल्या, बहुतेक चहा ठेवायला. हनीफभाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला, त्यांना असल्या गोष्टींची सवय नाही. मग काहीतरी करायला हवं म्हणून ते टेम्पोकडे वळले. बरीच पोती उतरायची बाकी होती. मीही बाह्या सरसावून त्यांच्या मागे गेलो.

पोत्याला हात घातला तर त्यांनी तो बाजूला केला. टेम्पोत एका कोपऱ्यात लसणाची लहान लहान गाठोडी होती, त्याकडे बोट दाखवून म्हणाले, तुमी ती घ्या. एरवी मी ऐकलं नसतं. मी गाठोडं उचललं, ते पोतं पाठीवर घेऊन पुढे निघाले, आणि मी त्यांच्या मागून ओट्यापर्यंत सावकाश चालत गेलो.